'हॅपी गुड फ्रायडे' पाठवणाऱ्या समस्त माहीमकरांना

दरवर्षी गुड फ्रायडेला सकाळी उठून फोन बघावा तर आमच्या माहीमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुलाबाची फुलं, उगवता सूर्य, कबुतरं आणि खाली 'हॅपी गुड फ्रायडे' यांची रांग लागलेली असते. मग एखादे काका 'सर्व ख्रिश्चन बांधवांना हार्दिक शुभेच्छा' टाकतात आणि ग्रुपमधली कॅथलिक मंडळी बिचारी गपचूप एक हात जोडलेला इमोजी टाकून मोकळी होतात, कारण एवढ्या प्रेमाने पाठवलेल्या मेसेजला काय उत्तर देणार! मंडळी, त्या दिवशी येशूला क्रुसावर खिळलं होतं. शुभेच्छा कसल्या देताय? त्या दिवशी चर्चमध्ये मिस्सासुद्धा (कॅथलिकांची मुख्य उपासना) होत नाही, वेदीवरचं कापड काढलेलं असतं, प्रार्थना होते, क्रुसाला वंदन करतात आणि जी कम्युनियन (मिस्सातली पवित्र भाकर) देतात ती आदल्या दिवशीच्या मिस्सातली राखून ठेवलेली असते. आनंदाचा दिवस रविवारी, ईस्टरला. आणि हो, नाताळपेक्षाही मोठा सण हाच, केक आणि सांताक्लॉज नसल्यामुळे आपल्या लक्षात राहत नाही एवढंच.

ही ईस्टरची तारीख दरवर्षी का बदलते याचं उत्तर आपल्या लोकांना लगेच पटेल असं आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा आणि तिच्यानंतरचा रविवार. म्हणजे चक्क तिथीच! कधी ती होळीची पौर्णिमा असते, कधी हनुमान जयंतीची. २०२४ मध्ये होळी होऊन गेल्यावरचा रविवार होता आणि २०२५ मध्ये हनुमान जयंतीनंतर आठ दिवसांनी आलेला.

आता आयर्लंडमध्ये, डब्लिनला राहून मी हे सगळं का लिहितेय, तर इथे आल्यापासून मुंबईहून फोनवर जे प्रश्न येतात त्यात पावसाच्या खालोखाल नंबर चर्चचा आहे. 'तिकडे सगळे कॅथलिक ना, मग फार कडक असेल नाही?' 'पोप सांगेल तेच करावं लागतं का गं?' वगैरे वगैरे. आपण माहीमचे लोक, बुधवारी ट्रॅफिक का जाम असतो हे सांगायला आपल्याला गूगल मॅप लागत नाही, सेंट मायकल चर्चचा बुधवारचा नोव्हेना (ठरावीक प्रार्थना) १९४८ पासून चालू आहे आणि तिथल्या रांगेत निम्मे लोक आपलेच. शेजारच्या ईस्ट इंडियन (मुंबईच्या मूळच्या कॅथलिक) आंटीकडचे फुगे (तळलेले गोल पाव) खाल्लेत, बॉटल मसाला मागून आणलाय, बांद्र्याच्या जत्रेत हरवून सापडलोय. एवढ्या ओळखीवर आपण असं धरून चालतो की आपल्याला त्यांचं सगळं माहीत आहे. माझं मत विचाराल तर मुंबईतल्या हिंदूंचा कॅथलिकांबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज हा द्वेषातून आलेला नाहीच, तो प्रेमातून आलेला आहे. 'अहो सगळं सेमच असतं, त्यांची माउली तशी आपली देवी.' आणि हे ऐकून समोरचा शेजारधर्म म्हणून मान डोलावतो, वाद कोण घालणार.

इथे माझा एक वसईचा मित्र आहे, मराठी माध्यमात शिकलेला, घरी मराठी, शिव्या मराठी, सगळं मराठी. त्याला मी एकदा सरळ विचारलं की बाबा रे, मोतमाउली (बांद्र्याची माउंट मेरी) ही तुमची देवी आहे की नाही. तो म्हणाला, "अगं, जपमाळेची प्रार्थना कधी नीट ऐकलीयेस? तिच्यात मरियाला काय म्हणतो आम्ही? आम्हा पाप्यांसाठी तू प्रार्थना कर. जी स्वतः दुसऱ्याकडे प्रार्थना करते ती देव कशी?" संपला विषय. पूजा फक्त देवाची, मरिया आणि संतांना मान, आणि मरियाला बाकी संतांपेक्षा जास्त मान, पण पूजा नाही. पुतळ्यांचंही तसंच. त्यात देव येऊन बसलाय असं ते मानत नाहीत, आपल्याकडची प्राणप्रतिष्ठा तिथे नसते. प्रतिमेला दिलेला मान ती ज्याची आहे त्याला पोचतो, हे इसवी सन ७८७ मध्ये निकेआच्या दुसऱ्या धर्मपरिषदेतच ठरवून टाकलंय, म्हणजे 'हे लोक मूर्तिपूजा करतात' आणि 'हे लोक मूर्तिपूजा करत नाहीत' ही दोन्ही भांडणं साडेबाराशे वर्षं शिळी आहेत.

आता तुम्ही म्हणाल, मग माउंट मेरीला मेणाचं घर, मेणाचं बाळ, मेणाचं विमान वाहतात ते काय? (विमान व्हिसासाठी. डोंगरावर चढताना स्टॉलवर बघा, मिळतं.) ते मागणं असतं किंवा फेडलेलं मागणं असतं, पण त्यांच्या हिशोबाने मागणं मरियाच्या मार्फत जातं आणि देतो देवच. आपल्यातले किती लोक हा फरक मनात ठेवून मेणबत्ती लावतात माहीत नाही, बहुतेक कोणीच नाही, आणि चर्चमधल्या फादरना ते कळत असूनही ते कधी कोणाला हाकलत नाहीत हे मला खरंच आवडतं.

बांद्र्याची जत्रा सप्टेंबरमध्येच का असते? कारण ८ सप्टेंबर हा मरियाचा वाढदिवस. त्याच्या बरोब्बर नऊ महिने आधी, ८ डिसेंबरला, इम्मॅक्युलेट कन्सेप्शनचा सण असतो. आणि इथे जगातला बहुधा सगळ्यात कॉमन गैरसमज येतो. ऑफिसमधली माझी एक आयरिश सहकारी, बाप्तिस्मा झालेली, पांढरा फ्रॉक घालून फर्स्ट कम्युनियन झालेली, मला समजावत होती की हा सण म्हणजे कुमारी मरियाच्या पोटी येशू राहिला त्याचा. नाही! तो वेगळा, २५ मार्चचा, तिथून नऊ महिने मोजा, नाताळ येतो. ८ डिसेंबर हा मरिया तिच्या स्वतःच्या आईच्या पोटात आली त्याचा. म्हणणं असं आहे की आदाम-एवेपासून प्रत्येक माणसाला चिकटणारं जे मूळ पाप, ते देवाच्या कृपेने हिला पहिल्या क्षणापासून चिकटलंच नाही. तिला आईवडील होते, ती नेहमीच्या पद्धतीनेच जन्मली, त्यात चमत्कार वगैरे काही सांगितलेला नाही. पोप पायस नववे यांनी १८५४ मध्ये हे अधिकृत सिद्धांत म्हणून जाहीर केलं. सहकारीण म्हणाली, "बघ, मला कोणी सांगितलंच नाही." आयर्लंडमध्ये ८ डिसेंबर हा पूर्वी खेड्यातल्या लोकांनी डब्लिनला येऊन नाताळची खरेदी करायचा दिवस असायचा, तिला त्याचं तेवढंच माहीत होतं.

पोपबद्दलचं पण असंच. 'पोप कधी चुकत नाही असं ते मानतात' हे वाक्य मी दादरच्या कट्ट्यापासून डब्लिनच्या पबपर्यंत सगळीकडे ऐकलंय. खरी गोष्ट अशी की १८७० च्या व्हॅटिकन परिषदेत जे ठरलं ते फार अरुंद आहे. पोप जेव्हा आपल्या पदाच्या पूर्ण अधिकारात, श्रद्धा किंवा नीतीच्या एखाद्या मुद्द्यावर, संपूर्ण चर्चला बंधनकारक म्हणून काही जाहीर करतो, तेव्हाच ते अचूक. विमानात पत्रकारांशी बोलताना नाही, राजकारणावर नाही, हवामानाच्या अंदाजावर तर नाहीच नाही. १८७० नंतर हा अधिकार असा उघडपणे एकदाच वापरलाय, १ नोव्हेंबर १९५० ला पायस बारावे यांनी, मरिया देहासकट स्वर्गात घेतली गेली हे जाहीर करताना. तो सण १५ ऑगस्टला असतो, म्हणून आपल्याकडे चर्चमध्ये त्या दिवशी मिस्सा पण असतो आणि झेंडावंदन पण. आणि अचूक म्हणजे निष्पाप नव्हे हं. पोपलाही कन्फेशनला (धर्मगुरूपुढे पापांची कबुली द्यायला) जावं लागतं, २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस सेंट पीटर्समध्ये सगळ्यांसमोर एका साध्या धर्मगुरूपुढे गुडघे टेकून बसले होते त्याचे फोटो आहेत.

कन्फेशन! हा तर आपल्या हिंदी सिनेमाने पूर्ण बिघडवलेला विषय. हिरो येतो, जाळीपलीकडे फादर, मेणबत्त्या, वीज चमकते, हिरो 'फादर, मैंने खून किया है' म्हणतो आणि मोकळा. त्यामुळे आपल्याकडे पक्कं डोक्यात बसलंय की बरं आहे त्यांचं, आठवडाभर काहीही करा, शनिवारी जाऊन सांगा, पाटी कोरी. आमच्या घरमालकीणबाई, ऐंशीच्या घरातल्या, गुडघे गेलेले तरी रोजच्या मिस्साला जातात, त्यांना मी हे विचारलं तर त्या इतक्या हसल्या की चहा सांडला. म्हणाल्या, एवढं सोपं असतं तर माझे भाऊ जन्मभर ते टाळत फिरले नसते. खरा पश्चात्ताप नसेल तर माफी लागूच होत नाही, फादरने शब्द उच्चारले तरी. पुन्हा करणार नाही हा निश्चय लागतो, चोरी केली असेल तर ती परत करावी लागते, आणि पोलिसांच्या कायद्यातून तर अजिबात सुटका नाही. फादरने ऐकलेलं बाहेर फोडलं तर तो आपोआप चर्चबाहेर फेकला जातो, इतका कडक नियम आहे. आणि पैसे? एक पैसा नाही. 'पैसे देऊन पाप धुणं' हे जे आपण शाळेत इतिहासाच्या पुस्तकात वाचलं, त्या पापमुक्तीच्या चिठ्ठ्या, त्यांचा बाजार खरंच भरला होता, त्यावरूनच लुथर भडकला, ते काही खोटं नाही. पण १५६७ मध्ये पोप पायस पाचवे यांनी पैशाशी जोडलेल्या असल्या सगळ्या सवलती रद्द केल्या. शिवाय त्या चिठ्ठ्यांनी मुळात पाप माफ होतंय असा सिद्धांत तेव्हाही नव्हता, माफ झालेल्या पापाची जी शिक्षा भोगायची उरते तिच्यात सूट होती. विकणाऱ्यांनी अर्थातच असं बारीक अक्षरातलं काही सांगितलं नसणार, सेल्समन तो सेल्समन.

सगळ्यात नाजूक विषय आता. मिडनाइट मासला (नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला) आपल्याकडची पोरं हौसेने जातात, छान कपडे, सेल्फी, आणि मग सगळे रांगेत उभे राहिले की हे पण रांगेत. प्रसाद मिळतोय ना! आणि आपल्याकडे प्रसादाला नाही म्हणणं म्हणजे पाप. माझ्या कॉलेजच्या एका मित्राने तर तो होस्ट (कम्युनियनची पातळ चकती) हातात घेऊन खिशात ठेवला, घरी आईला द्यायला, प्रेमानेच, आणि मागून एक आजोबा धावत आले. का धावत आले ते समजून घ्या. कॅथलिक श्रद्धेप्रमाणे मिस्सामध्ये ती भाकर आणि तो द्राक्षारस यांचं रूप, चव, वास तसाच राहतो पण ते खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतं. प्रतीक म्हणून नाही, खरोखर. तुम्हाला पटो न पटो (मला पटत नाही, पण माझ्या पटण्याचा प्रश्न नाहीये), ज्यांच्यासाठी ते खरं आहे त्यांच्यासाठी ते खिशात घालायची वस्तू नव्हे. म्हणून ते फक्त कॅथलिकांनी घ्यायचं, आणि त्यांच्यातही मोठं पाप कबूल न केलेला माणूस जागेवरच बसून राहतो. कोणी बसून राहिलं तर त्याच्याकडे वळून बघू नये हा शिष्टाचार. हा होस्ट गव्हाचाच लागतो, त्यामुळे ग्लुटेनचा त्रास असलेल्यांची पंचाईत, अगदी कमी ग्लुटेनचा चालतो पण अजिबात ग्लुटेन नसलेला चालत नाही, २०१७ मध्ये व्हॅटिकनने हे पुन्हा कळवलं होतं.

उपवासाचं मात्र ऐकून मालवणी मंडळी धर्मांतर करतील अशी मला भीती वाटते. राखेच्या बुधवारी (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडेला मांस नाही, पण मासे चालतात! मांस म्हणजे गरम रक्ताच्या प्राण्यांचं, त्यामुळे बोंबील, बांगडा सगळं पास. अर्थात या दोन दिवशी पोटभर जेवण एकदाच, १८ ते ५९ वयाच्या लोकांना. इथे शुक्रवारी मासे-चिप्सच्या दुकानाबाहेर अजून रांग असते, पण रांगेतल्या किती जणांना ते का हे आठवतं, देव जाणे. राखेच्या बुधवारी ऑफिसात काही जण कपाळावर काळा क्रूस घेऊन मीटिंगला बसतात. ही राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आदल्या रविवारच्या) पामच्या झावळ्या जाळून करतात.

आणि 'कॅथलिक देश म्हणजे कडक' हे आता तरी डोक्यातून काढून टाका. गंमत बघा, भारतात गुड फ्रायडेची सुट्टी असते आणि आयर्लंडमध्ये ती सार्वजनिक सुट्टी नाहीये! पब तेवढे १९२७ च्या कायद्याने त्या दिवशी बंद असायचे, तेही २०१८ पासून उघडे. घटस्फोट मात्र इथे १९९५ च्या सार्वमतापर्यंत नव्हता आणि तेव्हाही जेमतेम नऊ हजार मतांनी पास झाला. मग २०१५ मध्ये समलिंगी विवाह आणि २०१८ मध्ये गर्भपात, दोन्ही दणदणीत बहुमताने, चर्चचा विरोध असताना. २०२२ च्या जनगणनेत ६९ टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिक लिहिलं, सहा वर्षं आधी ७९ होते. या घसरणीमागे फक्त आधुनिकता नाही. २००९ चा रायन अहवाल वाचा, चर्चच्या संस्थांमध्ये लहान मुलांवर काय काय झालं ते, दोन पानांपुढे वाचवत नाही. मॅग्डालेन लाँड्री नावाच्या जागा, जिथे बायकांना कोंडून फुकट राबवलं, त्यातली शेवटची इथे डब्लिनमध्येच १९९६ ला बंद झाली. घरमालकीणबाई रोज मिस्साला जातात आणि बिशपांचं नाव काढलं की दात-ओठ खातात, दोन्ही एकाच बाईत. म्हणून कोणी आयरिश माणूस चर्चवर चिडून बोलला तर त्याला गैरसमज दूर करायला जाऊ नका, तो त्याचा गैरसमज नाहीये.

मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना मी सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रल दाखवते, तिकीट काढून. सगळे फोटो काढतात, 'वा, काय कॅथलिक चर्च आहे' म्हणतात. ते कॅथलिक नाहीच! डब्लिनची दोन्ही जुनी भव्य कॅथेड्रल, सेंट पॅट्रिक्स आणि क्राइस्ट चर्च, इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने पोपशी काडीमोड घेतल्यावर प्रोटेस्टंटांकडे गेली आणि अजून त्यांच्याकडेच आहेत. बहुसंख्य कॅथलिकांनी १८२५ मध्ये एका बाजूच्या गल्लीत सेंट मेरीज बांधून तिला 'हंगामी कॅथेड्रल' (बिशपचं तात्पुरतं मुख्य चर्च) म्हणत कारभार चालवला. तेव्हा ख्रिश्चन म्हणजे कॅथलिक नव्हे, हे एवढं तरी लक्षात ठेवा. आणि कॅथलिक म्हणजे सगळे एका साच्यातले असंही नव्हे. इथल्या हॉस्पिटलांमधल्या केरळच्या नर्सेस सिरो-मलबार आहेत, पोपला मानतात पण त्यांची उपासनेची पद्धत वेगळी, मिस्सा मल्याळममध्ये, आपल्या कल्याणला पण त्यांचा वेगळा धर्मप्रांत आहे १९८८ पासून. युक्रेनच्या ग्रीक कॅथलिक चर्चमध्ये तर लग्न झालेले धर्मगुरू असतात, बायकापोरांसकट. 'फादर लग्न करत नाहीत' हा शिस्तीचा नियम आहे, श्रद्धेचा सिद्धांत नाही, आणि तो सगळ्या कॅथलिकांना लागू नाही.

दहन चालत नाही हा पण एक. १९६३ पासून चालतं. फक्त अस्थी समुद्रात सोडायच्या नाहीत, घरात कपाटावर ठेवायच्या नाहीत, पवित्र जागी नीट ठेवायच्या. डब्लिनमध्ये ग्लासनेव्हिनला १९८२ पासून दहनाची सोय आहे.

आता राहिला तो प्रश्न जो माझ्या वसईच्या मित्राला इथल्या मराठी कार्यक्रमांत हमखास विचारतात, गणपतीच्या आरतीनंतर, मोदक हातात देऊन: "तुम्ही मराठी किती छान बोलता! कधी कन्व्हर्ट झालात?" आणि मागोमाग, "ब्रिटिशांनी केलं ना?" ब्रिटिशांचा काय संबंध? वसई पोर्तुगीजांकडे गेली १५३४ मध्ये, त्यांच्या काळातली ही घराणी, ब्रिटिश यायच्या कितीतरी आधीची. पोर्तुगीजांनी ते सगळं गोड बोलून केलं असं कोणी म्हणत नाही, पण त्याला आता जवळजवळ पाच शतकं होत आली. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर मारला गेला, १८६२ मध्ये संत जाहीर झाला, भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत, आपल्या लोकलच्या वेस्टर्न लाईनवरचा! तो मारला गेला तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्मही झालेला नव्हता. मित्र पूर्वी हे सगळं सांगायचा. आता मोदक खातो आणि म्हणतो, "काका, चारशे-साडेचारशे वर्षं झाली, आता विचारून काय करणार, अजून एक द्या."

या उन्हाळ्यात आई-बाबा येतायत आणि आईला इथला मिस्सा बघायचाय, तसे अजूनही काही जण येणार आहेत म्हणून लिहूनच ठेवते. मागच्या बाकावर बसा. लोक उभे राहिले की उभे राहा, गुडघे टेकतात तेव्हा नुसतं बसलात तरी कोणी काही म्हणत नाही. मध्येच सगळे वळून एकमेकांना हात देतात, तुम्हीही द्या, नमस्कार केला तरी चालतो. दानाची परडी आली तर ऐच्छिक आहे, घाबरू नका. कम्युनियनच्या रांगेत जायचंच असेल तर दोन्ही हात छातीवर आडवे घ्या, बऱ्याच ठिकाणी फादर आशीर्वाद देऊन पुढे पाठवतात. नाहीतर सरळ बसून राहा. आणि बाबा, फ्लॅश बंद ठेवा.